सात वाजताचं सरकार

आमच्या साडूंइतकं मन लावून सरकार चालवणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्याकडे आज शिपायाचंसुद्धा पद नाही. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली. त्यांचं सरकार रोज संध्याकाळी सातला टीव्हीवर भरतं, साडेसातला उठतं, आणि रविवारी त्याला सुट्टी असते. एका मंत्रीणबाईंची मालिका आहे ती. बाईंचं दालन, त्यांचे सचिव, त्यांची खुर्ची ओढायला टपलेला त्यांचाच सख्खा दीर, आणि जिकडंतिकडं फायलीच फायली. आता मला सांगा, आपल्या जिल्ह्यात राजकारणाचा काय दुष्काळ पडलाय म्हणून ते टीव्ही लावून बघावं? इथं लग्नाच्या मांडवात राजकारण, मयताला गेलं तर तिथं राजकारण, दाढीला बसलं तर वस्तरा गळ्यावर ठेवून विचारतात, "मग सर, यंदा कोण?" मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया, तह, फितुरी सगळं शिकवून झालं. पण आता प्रचाराचा भोंगा लांबून ऐकू आला तरी माझे गुडघे दुखायला लागतात. अंबाजोगाईत घर बांधताना साडूंच्या मागची गल्ली निवडली, ती एवढ्याचसाठी की हा एक माणूस राजकारणाचा चकार शब्द बोलत नाही. त्यानंच म्हातारपणी असा घात केला.

साडू एका सरकारी कचेरीत शिक्षणाच्या टेबलावर कारकून होते. होते म्हणायचं ते नुसतं रीत म्हणून. कचेरी सुटली, पण कचेरीनं त्यांना सोडलं नाही. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदावर ते आवक क्रमांक टाकतात. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी अक्षत लावून हातात दिली, तर त्यांनी मला आधी पोच लिहून दिली आणि मग "बसा" म्हणाले. घरात काही नवं घ्यायचं असलं की ते टिपणी ठेवतात. अक्कांपुढं. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांची बायको. गॅसची नवी शेगडी घ्यायची होती तेव्हा टिपणीत आधी पार्श्वभूमी, मग वस्तुस्थिती, मग तीन पर्याय, आणि शेवटी 'आदेशार्थ सादर' असं सगळं यथासांग होतं. अक्का तशा सातवी-आठवी शिकलेल्या, पण इतक्या वर्षांच्या संसारात त्याही तयार झाल्या. त्यांनी खाली 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि चर्चेला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. नारायणगडाच्या यात्रेला जायची टिपणी तर एकदा अशी फिरत राहिली की मंजुरी आली तेव्हा यात्रा उठून पाळणेवालेसुद्धा गेले होते. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. "प्रकरण नियमानुसार निकाली निघालं," म्हणाले.

असा माणूस सरकारवरची मालिका बघायला बसल्यावर काय होणार? सोफ्यावर ते बसतच नाहीत. लाकडी खुर्ची, पुढं स्टूल, स्टुलावर लांबडं रजिस्टर. रजिस्टरात रकाने आखलेले: भाग क्रमांक, विषय, कार्यवाही, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यात रुंद, कारण तिथं आक्षेप असतात. मंत्रीणबाईंनी निळ्या पेनानं सही केली, आक्षेप. सचिवानं फाईल आणली तिच्यात टिपणीची पानंच नव्हती, नुसता पुठ्ठा होता, आक्षेप. बाई एकदा व्हरांड्यातून चालता चालता उभ्यानं सही करून गेल्या, तेव्हा साडू खुर्चीतून उठलेच. "अबे, वाचून तर घे की," असं ते सचिवाला म्हणाले, कारण बाईंना 'अबे' म्हणणं शिष्टाचारात बसत नाही. मग माझ्याकडं वळून सांगू लागले की एका सहीसाठी ते साहेबाच्या दारात अकरा वेळा गेले होते आणि अकराव्या वेळेला साहेबाची बदली झाली होती. मालिकेतला तो दीर कट करत असला की साडू पाणी प्यायला उठतात. कोण कुणाचा काटा काढतो ह्यात त्यांना काडीचा रस नाही. बाकी सारा गाव ज्यासाठी ती मालिका बघतो ते सोडून उरतं तेवढं हे बघतात.

वाहिनीला पत्रं लिहिणं तर सुरूच होतं. जावक क्रमांक, विषय, संदर्भ, सगळं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की स्मरणपत्र एक. मग स्मरणपत्र दोन. तिसऱ्याला वाहिनीकडून छापील आभारपत्र आलं, मंत्रीणबाईंच्या हसऱ्या फोटोसकट. साडूंनी फोटोला आवक क्रमांक टाकला आणि तो फाईलच्या पत्रव्यवहाराच्या भागात लावला. मी डोक्याला हात लावून बसलो. माझ्या घरी जावं तर माझी बायको ह्याच मालिकेत त्या दिराच्या नावानं बोटं मोडत असते, इथं यावं तर हे. जायचं कुठं माणसानं? एकदा मी वैतागून विचारलंच, की साडूभाऊ, उभा जन्म कचेरीत गेला, बाहेर बघावं तिकडं पुढाऱ्यांचे फलक, अजून पोट भरलं नाही का तुमचं? एवढं आहे काय त्या मालिकेत? ते रजिस्टर मिटता मिटता म्हणाले, "सर, हितं फाईल हलते." मला वाटलं, म्हातारा आता वाया गेला.

खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण अक्कांनी एक गोष्ट दोन-तीनदा बोलून दाखवली होती. मंगल कामाला लागल्यापासून ह्यांना हे याड लागलं, असं त्या म्हणत. अक्कांच्या बोटांना संधिवात आहे, भाकरी थापता येत नाही. म्हणून संध्याकाळी मंगल येते. धर्मापुरीच्या पलीकडच्या एका वाडीचं तिचं माहेर, इथं नवरा आडतीत हमाली करतो, पोरगी शाळेत. पस्तिशीच्या आतबाहेरची, बोलायला तोडकी, पण भाकरी अशी करते की पापुद्रा फुगून वर येतो. भाकऱ्या झाल्या की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकून मालिकेची शेवटची दहा मिनिटं बघते आणि जाते. तिच्याकडं साडू कधी बघत नाहीत. मला वाटायचं, जुन्या वळणाचा माणूस आहे, परक्या बाईशी काय बोलणार.

एक दिवस साडू दाढ काढायला दवाखान्यात गेले होते आणि मी त्यांच्या घरी वाट बघत बसलो होतो. करायला काही नव्हतं म्हणून ते रजिस्टर चाळलं. पानामागून पान आक्षेप. शाईचा रंग चुकला, शिक्का उलटा मारला, मंत्र्यांच्या दालनात शिपाई चप्पल घालून आला. एका पानावर मात्र मी थांबलो. त्या भागात मंत्रीणबाईंनी एका खेड्यातल्या वसतिगृहाची जुनी फाईल मागवली होती. कुणीतरी बारा वर्षांपूर्वी ती गठ्ठ्यात बांधून टाकलेली. सचिवानं ती दोन मिनिटांत शोधून आणली, बाईंनी धूळ झटकली, वाचली, मंजूर केली. आता बारा वर्षांचं दप्तर दोन मिनिटांत? एरवी ह्यावर साडूंनी पुरवणी जोडली असती. पण शेऱ्याच्या रुंद रकान्यात दोनच शब्द होते: 'शेरा नाही.' आणि खाली शाई फुटलेली होती.

साडू गालात कापूस धरून आले तेव्हा मी ते पान उघडंच ठेवलं होतं. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग कापूस सावरत सावरत त्यांनी जे सांगितलं ते असं. पुष्कळ वर्षांपूर्वी कचेरीत मोहीम निघाली होती, एकही प्रकरण प्रलंबित राहता कामा नये म्हणून. टेबल रिकामं दिसलं पाहिजे, वरून साहेब तपासायला येणार. साडूंच्या टेबलावर एका वाडीच्या हेडमास्तरांचा प्रस्ताव होता, शाळा सातवीपर्यंत आहे, आठवीचा वर्ग द्यावा. सगळं जोडलेलं होतं, फक्त ग्रामसभेच्या ठरावावर शिक्का मारायचा राहिला होता. अशा वेळी करायचं असतं ते एवढंच, की त्रुटी दाखवून कागद परत पाठवायचा. पण परत पाठवलेला कागद पुन्हा येतो, आणि तोवर तो प्रलंबितच धरला जातो. म्हणून साडूंनी त्यावर लिहिलं, दप्तरी दाखल. सरकारी भाषेत ह्याचा अर्थ गठ्ठ्यात बांधला आणि विसरला. त्या दुपारी त्यांनी टेबल स्वच्छ केलं आणि महिन्याभरात त्यांना सन्मानपत्र मिळालं. टीव्हीच्या बरोबर वर, काचेच्या चौकटीत, ते अजून लटकतं आहे. मी कितीदा तरी त्याच्याखाली बसून चहा प्यालो असेन.

साडू सगळं विसरले होते. कारकून विसरला नाही तर जगेल कसा? मग मंगल कामाला आली. पहिल्या दिवशी अक्कांनी सहज विचारलं, शिकलीस किती ग? ती पीठ मळता मळता म्हणाली, सातवी. आमच्या वाडीला पुढचा वर्गच नव्हता, हेडमास्तरांनी वर लिहून दिलं होतं, पण वरून काही आलंच नाही. साडू पाटावर जेवायला बसले होते. त्यांनी वाडीचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी ताटात टाकली, असं अक्का म्हणतात. अन्न टाकणारा हा माणूस नव्हे.

"मग आता?" मी विचारलं. तेव्हा त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, त्याची माहिती, कुठले दाखले लागतात त्यांची यादी, सगळं खुणेच्या चिठ्ठ्या, म्हणजे फ्लॅग, लावून तयार. चार महिन्यांपासून तयार. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आलेली. मला हसावं का रडावं कळेना. मी म्हणालो, अहो, मग द्या की तिला, भला माणूस म्हणून नाव होईल, मागचं उकरायची काय गरज? तिला माहीत नाही, तो कागदसुद्धा कधीच फाडला गेला असेल. ते मान हलवत म्हणाले, "पार्श्वभूमी न लिहिता टिपणी व्हत न्हाई, सर. वरचा माणूस मग इचारतो, हे आत्ताच कावून सुचलं? तिनं इचारलं तर काय सांगू?" चार महिने हा माणूस मंत्रीणबाईंच्या आडोशाला बसून होता. मला त्यांचा राग आला आणि मग लाजही वाटली, कारण त्यांच्या जागी मी असतो तर नुसता फॉर्म देऊन दुवा घेऊन मोकळा झालो असतो.

त्यांनी दोन दिवसांनी मला सातला बोलावलं, साक्षीला बोलवावं तसं. मालिका सुरू झाली, मंत्रीणबाई दालनात शिरल्या, आणि साडूंनी टीव्ही बंद केला. आतून मंगलनं डोकावून विचारलं, लाईट गेली का? साडू उभे राहिले. अंगात इस्त्रीचा कचेरीचा सदरा होता. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला सुरुवात केली. पार्श्वभूमी. सदर वाडीच्या मुख्याध्यापकांनी इयत्ता आठवीचा वर्ग उघडणेबाबत प्रस्ताव सादर केला होता. वस्तुस्थिती. प्रस्तावासोबतच्या ठरावावर शिक्का नसल्याने तो त्रुटीपूर्ततेसाठी परत करणे आवश्यक असताना... मंगल पिठाच्या हातानं उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला कळंना. सरळ सांगा."

साडूंनी कागद खाली केला. आयुष्यात पहिल्यांदा असेल. "तुज्या हेडमास्तरानं दिलेला कागद माज्या टेबलावर आलता, मंगल. परत धाडला आस्ता तर आठ दिवसांत शिक्का मारून आला आस्ता. मला टेबल मोकळं दाखवायचं व्हतं. मी त्यो बांधून टाकला."

"वर्ग मंजूर झाला असता?"

"ते मला सांगता येत न्हाई. पन पुढं गेला आस्ता."

तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "आमी अकरा पोरी होतो." एवढंच. तव्यावरच्या भाकरीचा करपट वास आला तशी ती आत गेली. राहिलेल्या भाकऱ्या तिनं सगळ्या केल्या, फडक्यात गुंडाळल्या, हात धुतले, आणि आमच्यासमोरून निघून गेली. "बाहेरून दहावीला बसता येतं, शाळा सोडल्याचा दाखला तेवढा लागंल," असं साडूंनी मागून सांगितलं तरी ती थांबली नाही; फॉर्मची फाईल स्टुलावर तशीच राहिली. अक्का तेवढ्यात देवघरातून येऊन म्हणाल्या, आज टीव्ही का बंद? 

दुसऱ्या दिवशी मंगल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी बायको घरून भाकऱ्या पाठवू लागली. सातला मी जाऊन बसायचो. टीव्ही बंद, साडू लाकडी खुर्चीत, हातात काही नाही. मालिकेत म्हणे त्या आठवड्यात दिरानं मंत्रीणबाईंना खुर्चीवरून खाली खेचलं होतं आणि अख्खं अंबाजोगाई त्याला शिव्या घालत होतं. साडूंना सांगितलं तर ते "असं का" एवढंच म्हणाले. त्यांना इतकं म्हातारं मी कधी पाहिलं नव्हतं. मी समजूत काढायला गेलो, म्हटलं, वर जे बसले होते ते मोकळेच, तुम्ही एक कारकून, त्यात तुमचा एकट्याचा काय दोष? ते म्हणाले, सर, प्रत्येक टेबलावर एक एकटाच आस्तो.  

चौथ्या दिवशी सातला दाराची कडी वाजली. मंगल होती. पायाला धूळ, हातात कापडी पिशवी. ती सरळ आत गेली, पदर खोचला, परातीत पीठ घेतलं, आणि सगळ्या भाकऱ्या झाल्यावरच बाहेर आली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढून तिनं साडूंच्या पुढ्यात ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला.

"दाखला आणाया गेलते. मास्तर मतदारयाद्यांच्या कामाला गेलते, म्हणून दोन दिवस शाळंच्या पायरीवर बसून ऱ्हायले." मग ती म्हणाली, "राग गेला न्हाई माजा, काका. इतक्यात जायचा न्हाई. पन गणित तुमी शिकवायचं."

साडूंनी दाखला दोन्ही हातांनी उचलला. सवयीनं पेन आवक क्रमांकासाठी पुढं आलं आणि मध्येच थांबलं. त्यांनी कागद उजेडात धरला, खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "शिक्का हाय," ते म्हणाले, आणि मग हा म्हातारा तिथंच, आम्हा सगळ्यांसमोर, पोरासारखा रडला. मंगलनं त्यांना पाणी आणून दिलं. 

फॉर्म मुदतीच्या आत भरला गेला, आणि आता तिथं सातला टीव्ही लागत नाही. रजिस्टरच्या उरलेल्या पानांवर लसावि-मसावि चालतात. मंगल दिवसभराच्या कामानं दमलेली असते, कधीकधी वर्गमूळ काढता काढता तिचे डोळे मिटतात, आणि साडू तोवर आवाज न करता थांबतात. आठवीतली तिची पोरगी आईच्या चुका काढते. इतिहास माझ्या गळ्यात पडला आहे. सन्मानपत्र अजून भिंतीवरच आहे; मी म्हटलं काढा आता, तर साडू म्हणाले, राहू द्या, दिसत ऱ्हायला पायजे. ती पास होईल का, झाली तर पुढं काय, मला ठाऊक नाही. एवढ्या उशिरा आलेल्या वर्गानं कुणाचं किती भलं होतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळतो.

फक्त रजिस्टरचं शेवटचं पान वेगळं आहे. त्यावर मंगलला विचारून विचारून त्यांनी बाकीच्या दहा जणींची नावं लिहिली आहेत. लग्नाआधीचं नाव, आताचं नाव, गाव. एक ऊसतोडीला जाते, दोघींचा पत्ताच लागत नाही, एक गेली. शेऱ्याचा रकाना दहाही नावांपुढं कोरा आहे. परवा ते मला म्हणाले, एक जण नारायणगडाच्या बाजूला दिलेली हाय, तुमच्या गुडघ्याला झेपत आसंल तर रविवारी चला. एस.टी.नं जाऊन-येऊन अख्खा दिवस जाणार, रस्त्याचं सांगायलाच नको, आणि ती बाई दारात उभं करील की नाही ह्याचाही भरवसा नाही. मी अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, मीही येते, गडावर दर्शन तरी होईल. साडूंनी ह्या वेळी टिपणी ठेवली नाही. डब्याचं काय करायचं तेवढं विचारून ते पाणी भरायला उठले.